काम हलकं झालं

३ मार्च, सोमवार

आजपासून ही वही. कारण असं की, सॉफ्टवेअरवाल्या बाईंनी आज मीटिंगमध्ये जाहीर केलं, यापुढे आमच्या विक्री विभागात कुणालाही हाताने काही लिहावं लागणार नाही. सगळं 'एजंट' लिहिणार. एजंट म्हणजे माणूस नव्हे. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची माहिती ज्या सॉफ्टवेअरमध्ये असते, त्याच्या आत आता एआयची मंडळी येऊन बसली आहेत. एक फोनवरचं आणि खिशातल्या मोबाइलवरून भेटीतलं बोलणं ऐकून टिपणं काढणार, दुसरा मेल लिहिणार, तिसरा कोण माल घेईल आणि कोण नुसताच पिळेल ते सांगणार. म्हटलं, अशाने लिहायची सवयच मोडायची. येताना दुकानातून वही घेतली. नवरा म्हणाला, "दोनशे पानी? तू वीस पानांत सोडशील." बघू.

नोंद असावी म्हणून लिहिते. आमची कंपनी बेकऱ्यांना ओव्हन आणि पीठ मळायची मशीन विकते. म्हणजे माझे तिघे विकतात आणि मी त्या तिघांना विकायला लावते. मेजर, सुसाट आणि चिमणी. मेजर कधीही सैन्यात नव्हते, फक्त मिशा तशा आहेत. सुसाट गाडी जशी चालवतो तसाच बोलतो. आणि चिमणी पाच फूटही नाही, पण तिचा आवाज चालू मशीनच्या पलीकडे ऐकू जातो.

मीटिंगनंतर साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. "तीन महिने बघू या. जूनमध्ये ठरवू, या विभागात एवढी माणसं लागतात का."

मी म्हटलं, "एवढी म्हणजे साहेब, आम्ही चारच तर आहोत."

"तेच म्हणतोय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

म्हणजे तिघांतलं कुणीतरी एक जाणार. आणि कोण, ते मला सांगावं लागणार. तिघांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरवलंय.

६ मार्च, गुरुवार

एजंटांना नावं पडली. टिपणं काढतो तो कारकून, मेल लिहितो तो पोस्टमन आणि भविष्य सांगतो तो ज्योतिषी. नावं चिमणीने ठेवली. सॉफ्टवेअरवाल्या बाई जरा हिरमुसल्या. त्यांच्याकडे तयार नावं होती, चांगली रुबाबदार, पण ती कुणाच्या तोंडात बसेनात.

कारकून कामाचा निघाला. सुसाट भेटीहून आला की मला त्याला तीनदा थांबवून विचारावं लागायचं, नक्की काय झालं. कारकुनाने ते सात ओळींत मांडलं. मेजरांची मात्र पंचाईत झाली. गिऱ्हाइकाकडे गेले की ते आधी अर्धा तास तब्येतीवर बोलतात. कारकुनाने इमानेइतबारे लिहिलं: 'ग्राहकाचा डावा गुडघा दुखतो. विक्री प्रतिनिधीचा उजवा. ओव्हनचा उल्लेख नाही.'

आम्ही हसून हसून बेजार. मेजरही हसले, पण मिशीतल्या मिशीत. घरी येताना मनात आलं, जायचंच झालं तर मेजरच. आणि स्वतःचाच इतका राग आला की स्टॉप चुकला. मला पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या दारात उभं केलं ते त्यांनीच.

१४ मार्च, शुक्रवार

पोस्टमनची भाषा फार गोड आहे. इतकी की चिमणी म्हणते, याच्याशी लग्न करावं. मीही त्याला एक मेल लिहायला दिला, साहेबांना पाठवायचा आठवड्याचा अहवाल. त्याने तो कारकुनाची टिपणं आणि ज्योतिष्याचे आकडे घेऊन चहा थंड व्हायच्या आत लिहून टाकला. माझा शुक्रवारचा अख्खा दुपारचा वेळ त्यात जायचा! साहेबांचं उत्तर आलं: "उत्तम. यापुढे असाच येऊ दे. मला थेट आला तरी चालेल."

किती समजूतदार माणूस. माझा त्रास वाचावा म्हणून सांगितलं.

उजेडात घरी पोचले. नवरा त्याच्या चष्म्याच्या दुकानातून यायचा होता. बाबांनी दार उघडलं आणि विचारलं, "बरं वाटत नाही का?"

२५ मार्च, मंगळवार

ज्योतिष्याचं अजून पटत नाही, पण बरोबर येतं त्याला मी काय करू? त्याने सांगितलं, स्टेशनाजवळच्या बिस्किटवाल्याला आत्ता गाठा. मी सांगत होते, थांबा. चिमणी त्याचं ऐकून गेली आणि ऑर्डर घेऊन आली. येताना वाटेत तिला माझा चेहरा आठवला असणार, कारण आल्याआल्या म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलंत तसंच बोलले हं मी तिथे." काहीही. मी तर जाऊच नको म्हटलं होतं.

कुणी कुठल्या गिऱ्हाइकाकडे जायचं यावर माझी आणि सुसाटची दर सोमवारी जुंपायची. आता ते वाटपही ज्योतिषी करतो आणि सुसाट निमूट ऐकतो. मी विचारलं, "माझ्याशी भांडायचास, त्याच्याशी का नाही?"

"त्याच्याशी भांडून मजा नाही हो मॅडम. तो चिडतच नाही."

सोमवार एकदम शांत झालेत. टेबलाचे सगळे खण आवरून झाले.

७ एप्रिल, सोमवार

चौथा आला. हा वेगळा आहे. हा गिऱ्हाइकांशी बोलतच नाही. तो आमच्या माणसांना सांगतो, आज कुणाला फोन करायचा, कालचा कुठला राहिला, कुणाला सल्ला हवाय, कुणाला शाबासकी. चिमणीने लगेच नाव ठेवलं, मुकादम.

बाईंनी सांगितलं, याला शिकवायला त्यांनी माझे आठ वर्षांचे निरोप वाचायला दिले. त्यामुळे तो सकाळी सकाळी लिहितो, "काय मंडळी, उठलात का? गिऱ्हाईक उठलंय!" अगदी माझंच वाक्य. सुसाट तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही आजारी पडलात तरी आता आम्हाला कळायचं नाही."

सगळे हसले. मग सगळे एकदम गप्प झाले. का कोण जाणे.

मला आपला अभिमानच वाटला. आठ वर्षं मी जी टकळी चालवली ती कुठेतरी जमा होत होती तर! साहेब स्वतः येऊन पाहून गेले. बाईंना म्हणाले, "म्हणजे हे सगळं आता आपोआप?" बाई म्हणाल्या, "हो, देखरेख फक्त." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थकला असाल तुम्ही इतकी वर्षं."

खरंच थकले होते. कुणी विचारत नाही हो असं.

१६ एप्रिल, बुधवार

बाबांना मुकादमाची गोष्ट सांगितली. ते टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुरुस्तीला होते. शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाले, "आमच्याकडे ऑटोमॅटिक एक्सचेंज आलं, तेव्हा सगळ्यात खूश कोण होतं सांग?"

"कोण?"

"सुपरवायझर. ऑपरेटर मुलींच्या मागे ओरडायचं काम वाचलं ना."

"मग काय झालं? मुलींना काढलं?"

"छे. मुली बिलिंगला गेल्या, चौकशीच्या खिडकीवर गेल्या. त्यांना काम येत होतं."

एवढ्यात नवऱ्याचा फोन आला, किल्ली विसरला होता. बाबांची गोष्ट राहून गेली. पण जीव भांड्यात पडला. म्हणजे आमच्या तिघांनाही कुठेतरी सामावता येईल. उद्या चौकशी करते, हिशेब खात्यात जागा आहे का.

ऑफिसात वेळ भरपूर असतो. मी आता जेवणाच्या सुट्टीनंतर खाली एक चक्कर मारते. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, आजकाल दिसता." त्याला म्हटलं, आजकाल श्वास घेते.

२९ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते लिहिताना हसावं की रडावं कळत नाही.

शहरात तीन दुकानं असलेल्या एक केकवाल्या बाई आहेत. गेल्या महिन्यात मेजरांनी त्यांना आमचा सगळ्यात मोठा ओव्हन विकला. बाई बेकरीवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष, आणि जीभ अशी की साल निघावी. काल त्यांनी मेजरांना फोन केला. मी आज मूळ बोलणं ऐकलं. शब्द असे होते:

"फारच सुंदर ओव्हन दिलात हो! निम्मा केक कोळसा, निम्मा कच्चा. गिऱ्हाइकाला आवडनिवड करता येते! असेच अजून दोन पाठवा, म्हणजे तिन्ही दुकानं एकदमच बंद करून टाकते."

मेजर "हो बाई, हो बाई" म्हणाले, बुधवारी मिस्त्रीला घेऊन जायचं ठरवलं आणि फोन ठेवला. माणसाला कळलं. कारकुनाने मात्र लिहिलं: 'ग्राहक अत्यंत समाधानी. निवडीच्या सोयीचे कौतुक. आणखी दोन ओव्हनची मागणी. तिन्ही दुकानांबाबत मोठा निर्णय विचाराधीन.' ज्योतिष्याने खरेदीची शक्यता पंच्याण्णव टक्के सांगितली. मुकादमाने मेजरांना लिहिलं, "वा मेजर! याला म्हणतात विक्री!" आणि पोस्टमनने आज पहाटे बाईंना मेल धाडला: 'आपल्या कौतुकाच्या शब्दांनी आम्ही अक्षरशः भारावून गेलो आहोत.' सोबत दोन ओव्हनचं दरपत्रक.

बाईंनी साहेबांना थेट फोन केला. ओव्हन परत, पैसे परत आणि संघटनेच्या पुढच्या बैठकीत आमच्या नावाचा उद्धार. आमच्या दोन मोठ्या ऑर्डरी त्याच संघटनेतल्या लोकांच्या आहेत.

पोस्टमनला न विचारता मेल पाठवायची मुभा गेल्या आठवड्यात मीच दिली होती. प्रत्येक मेल वाचायचा कंटाळा आला म्हणून. हे साहेबांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ते म्हणाले, "आता जाऊन निस्तरा."

३० एप्रिल, बुधवार

मी, मेजर आणि मिस्त्री. बेकरीचं मागचं दार उघडं होतं. आत गरम हवेचा लोट आणि करपलेल्या साखरेचा वास. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"या! भारावलेल्या कंपनीची माणसं आली!"

मी माफी मागायला तोंड उघडलं तर मेजरांनी हळूच माझी बाही ओढली. मग बाई बोलत राहिल्या आणि मेजर ऐकत राहिले. मधे "खरंय" नाही, "पण" नाही, काही नाही. बाईंचा आवाज चढला, वळला, खाली आला. शेवटी त्याच दमल्या आणि खुर्चीत बसल्या. तेव्हा मेजर म्हणाले, "आज कुठली ऑर्डर अडकलीये?"

शाळेच्या कार्यक्रमाचे साठ केक, संध्याकाळी द्यायचे. मिस्त्रीने ओव्हनचा मागचा पत्रा उघडला. डावीकडचा पंखा आमच्याच लोकांनी उलटा बसवला होता, त्यात त्याचं पातं वाकलं होतं. सुटा भाग गोदामातून यायला दुपार होणार. तोवर काय?

मला एकदम आठवलं, मी फिरतीवर असताना अशा वेळी आम्ही काय करायचो. म्हटलं, "ट्रे अर्धेच भरा. मी उभी राहते. मधे मधे फिरवत राहू."

बाईंनी माझ्या कडक इस्त्रीच्या कपड्यांकडे पाहिलं आणि एप्रन फेकला. मी उभी राहिले. दार उघडायचं, ट्रे ओढायचा, डावी बाजू उजवीकडे, परत आत. हातावर एक डाग भाजून घेतला. केसांत पीठ. त्यांच्याकडची मुलगी क्रीम लावता लावता गाणं म्हणत होती, ती चुकली की बाई आतून दुरुस्त करायच्या. दुपारी पंखा बसला. केक गेले, साठच्या साठ.

चहा घेताना बाईंनी विचारलं, "तुम्ही ऑफिसात काय करता एरवी?"

"सगळ्यांचं बघते."

"मग आज त्यांचं कोण बघतंय?"

"मुकादम," म्हटलं आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. चार एजंट, कोण काय करतं. बाई चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "हात बरा आहे तुमचा. ट्रेवर."

ओव्हन परत करणार नाहीत. मेजरांना त्यांनी गुडघ्याला लावायला कसलंसं तेल दिलं.

घरी आले तर नवरा म्हणाला, "कुठे लोळून आलीस?" आणि मग, "किती दिवसांनी अशी बडबडतेयस." मी जेवताना सगळी हकीकत दोनदा सांगितली म्हणे.

२ मे, शुक्रवार

साहेबांनी पोस्टमनवर पुन्हा लगाम घातला. आता माणसाने वाचल्याशिवाय मेल जाणार नाही, आणि कारकुनाचं टिपणही ज्याने भेट दिली त्याने संध्याकाळी तपासायचं. सॉफ्टवेअरवाल्या बाई म्हणाल्या, त्यालाही टोमणे हळूहळू कळायला लागतील. चिमणी म्हणाली, "माझ्या सासूकडे पाठवा शिकायला."

परवा मी दिवसभर नव्हते. मला धाकधूक होती, इकडे काय गोंधळ झाला असेल. काही नाही! एकही फोन नाही, एकही प्रश्न नाही. मुकादमाने सगळं चोख चालवलं. साहेबांना मुद्दाम सांगून आले, "बघा, मी नसले तरी विभाग कसा घड्याळासारखा चालतो."

ते म्हणाले, "पाहिलं मी."

१२ मे, सोमवार

तिघं फार विचित्र वागतायत. चिमणी रोज माझ्यासाठी कॉफी आणते. सुसाट हळू बोलतो. आज मेजर टेबलाशी येऊन उभे राहिले, मिशा चाचपल्या आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुन्हा फिरतीवर का येत नाही? पाय चांगले चालतात तुमचे."

त्यांना कळलंय, नक्की. कुणाला तरी काढणार हे बाहेर फुटलंय, म्हणून मला लोणी लावतायत बिचारे. मला भरून आलं. ठरवलं, कुणालाच जाऊ द्यायचं नाही. साहेबांपुढे तिघांच्या बाजूने अशी मांडणी करणार की त्यांना बोलायला जागा उरणार नाही. कारकुनाकडून सगळ्या भेटी काढून घेतल्यात. मेजरांच्या गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ सगळे पुन्हा आमच्याकडेच येतात. गुडघ्यांचा उपयोग आहे.

३ जून, मंगळवार

मांडणी केली. एक शब्द अडला नाही. मेजर का हवेत, सुसाट का हवा, चिमणी का हवी. केकवाल्या बाईंचं प्रकरण पुढे ठेवलं. म्हटलं, "साहेब, मशीनला टोमणा कळत नाही. दारात माणूसच उभा राहावा लागतो."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला. "तिघांना कोण काढतंय?"

मी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"मी तिघांचं बोललोच नव्हतो. विकायला माणसं लागतातच. मी..." ते पाणी प्यायले. "अहवाल आपोआप येतो. वाटप आपोआप होतं. सकाळचे निरोप जातात. तुम्हीच म्हणालात, तुम्ही नसताना घड्याळासारखं चालतं. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलंय आणि तुम्ही मोठ्या मनाने घेताय."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक डोंगर होता, तो आठवतोय.

"पण बेकरीत तर मीच गेले होते," म्हटलं.

"गेलात. फार उत्तम केलंत. पण ते विक्रीचं काम झालं. मॅनेजरचं नाही."

साहेब वाईट माणूस नाहीत. सप्टेंबरपर्यंत पगार देतो म्हणाले. शिफारसपत्र देतो म्हणाले. मी "बरं" म्हटलं. बाहेर आले तर तिघं उभी. कुणीच काही विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पहारेकऱ्यालासुद्धा असेल.

४ जून, बुधवार

गेले नाही. मागची पानं वाचली. लाज वाटली, मग हसू आलं, मग पुन्हा लाज. इतकं स्वच्छ लिहिलंय माझ्याच हाताने.

बाबांना म्हटलं, "तुम्हाला एक्सचेंजची गोष्ट सांगताना माहीत होतं ना?"

"वाटत होतं."

"मग सरळ का नाही सांगितलंत?"

"तू सुखात दिसत होतीस गं. आणि मी चुकीचाही असू शकलो असतो."

"सुपरवायझरचं पुढे काय झालं?"

"एकाने बायकोबरोबर रोपवाटिका काढली. एकजण रोज एक्सचेंजच्या दारात येऊन बसायचा. आम्ही चहा द्यायचो."

नवऱ्याने दुकान बंद ठेवलं. दिवसभर माझ्या आजूबाजूला नुसता घुटमळत होता, चष्म्याची काच पुसावी तसा एकच ओटा पुसत. संध्याकाळी म्हणाला, "घरी बस थोडे दिवस. आपल्याला अडचण नाही." मी म्हटलं, "मला आहे."

मला काय येतं? सगळ्यांचं बघणं. ते आता मशीनला येतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरं येतं, कारण तो चिडत नाही. दुसरं काय येतं? हे मी दोन तास स्वतःला विचारत बसले. मग बाहीखालचा तो भाजल्याचा डाग दिसला. अजून पुरता गेला नाही.

९ जून, सोमवार

साहेबांकडे गेले. बसले नाही, उभ्यानेच बोलले. बसले असते तर रडले असते.

"नदीपलीकडच्या भागात आपलं कुणी नाही. जुना माणूस गेल्यापासून तो भाग रिकामा आहे. तो मला द्या."

"तिथे मॅनेजर कशाला?"

"मॅनेजर नाही. विकायला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पगार निम्म्यावर येईल. बाकी कमिशन."

"माहीत आहे."

"बॅग घेऊन दारोदार हिंडावं लागेल. या वयात?"

"मेजर माझ्याहून मोठे आहेत."

ते हसले. सुटल्यासारखे हसले. आणि म्हणाले, "सहा महिने."

बाहेर येऊन सांगितलं. सुसाटने आनंदाने टेबल बडवलं. मेजर म्हणाले, "बूट बदला आधी." मग चिमणी हळूच म्हणाली, "म्हणजे आता तुम्हाला मॅडम म्हणायचं की नाही?"

२६ जून, गुरुवार

पाय बोलतात. बूट बदलले तरी बोलतात.

मुकादम मला रोज सकाळी लिहितो, "काय मंडळी, उठलात का?" पहिल्या दिवशी वाचून इतका संताप आला! आठ वर्षं ही माणसं हे कसं सहन करत होती? सुसाटला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "आम्ही वाचायचोच नाही."

नदीपलीकडे बेकऱ्या लहान आहेत आणि माणसं तुटक. एक म्हातारे बेकरीवाले आहेत, त्यांना मी मनातल्या मनात नाही-काका म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'नाही'ने सुरू होतं. वडिलांच्या वेळची भट्टी आहे, तिच्या छपराला तडा गेलाय, निम्मी ऊब भिंतीत जाते. मी म्हटलं, ओव्हन दाखवू का? "नाही." किंमत सांगू? "नाही." मी उगाच विचारलं, पाव किती वेळ फुगू देता? तर म्हणाले, "नाही, ते वेळेवर नसतं. हाताला कळतं," आणि दाखवायला घेतलं. निघताना म्हणाले, "नाही, येत जा. गुरुवारी पीठ चांगलं असतं."

कारकुनाचं टिपण आलं: 'ग्राहकाने स्पष्ट नकार दिला.' ज्योतिष्याने शक्यता तीन टक्के सांगितली. मी कारकुनाचं वाक्य खोडून लिहिलं: 'ग्राहकाने गुरुवारी बोलावलं आहे.' तेव्हा ज्योतिषी अकरा टक्क्यांवर आला. गडी शिकतोय.

अडीच आठवड्यांत एकही विक्री नाही. हे खरं आहे आणि ते लिहून ठेवते. कधी कधी एखाद्या पायरीवर बसून वाटतं, घरी बसायला काय हरकत होती. मग कुठल्यातरी बेकरीतून वास येतो आणि मी उठते. हे काही फार मोठं कारण नाही. पण सध्या तेवढंच आहे.

१९ जुलै, शनिवार

दर गुरुवारी जात राहिले आणि नाही-काकांनी ओव्हन घेतला. सगळ्यात छोटा, दोन कप्प्यांचा. माझी पहिली विक्री. साहेबांनी सगळ्या कंपनीला मेल केला, तो पोस्टमनने लिहिलेला वाटत नव्हता, दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या.

आज सकाळी तो सुरू करायचा होता. मिस्त्री जोडणी करून कालच गेला होता. मी पोचले तेव्हा काका जुन्या भट्टीसमोर उभे होते. ती आज पहिल्यांदाच पेटवली नव्हती. मला पाहिलं, पण काही बोलले नाहीत. मला जे बोलायचं होतं ते, तापमान, वेळ, कुठला खटका, सगळं पाठ करून गेले होते. त्यांचा चेहरा पाहून तोंड मिटलं आणि बाजूला उभी राहिले. मेजर उभे राहतात तशी.

त्यांनी ट्रे आत सरकवला. स्टूल ओढून काचेसमोर बसले. मग दुसरं स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं. आम्ही दोघं काचेतून बघत बसलो. पाव आधी नुसते होते तसेच होते. मग हलकेच फुगायला लागले, मग वरून रंग धरला. काकांचे ओठ हलत होते, मोजत होते की वडिलांशी बोलत होते, मला माहीत नाही. डोळे पुसले त्यांनी एकदा, पिठाच्याच हाताने.

ट्रे बाहेर काढला. एक पाव उचलला, पालथा करून बोटाने वाजवला, कानाशी नेला. मधोमध तोडला. वाफ आली. निम्मा स्वतः ठेवला, निम्मा माझ्या हातात दिला. आम्ही खाल्ला. मग ते दुसरा ट्रे भरायला गेले आणि मी बॅग उचलून निघाले.

संध्याकाळी टिपण तपासायला उघडलं. कारकुनाने लिहिलं होतं: 'भेटीदरम्यान कोणतेही संभाषण झाले नाही.'

मी ते खोडलं नाही. बरोबर होतं.